आयात-निर्यातीचा ताळेबंद आणि गांवचा रोजगार : हातसूत व जुन्नरी कागद यांची साक्ष

देशाची आयात निर्यातीहून वाढली म्हणजे लोकांचा रोजगार बुडतो आणि निर्यात आयातीहून वाढली म्हणजे तो वाढतो, असें एक सोपें समीकरण वर्तमानपत्रांतून व सभांतून वारंवार ऐकूं येतें. आयात अधिक झाल्यानें जी तूट येते तीस व्यापारतूट म्हणतात. ही तूट आणि रोजगार यांचा कांहीं संबंध आहे यांत शंका नाहीं. परंतु सबंध देशाच्या बेरजेंत तो शोधूं गेल्यास हातीं लागत नाहीं. तो पेठेच्या व आळीच्या हिशेबांत सांपडतो, असें आमचें मत आहे. आमचा सारा जन्म संस्कृत शिकविण्यांत गेला, तेव्हां अर्थशास्त्र्यांच्या पंक्तीस बसण्याचा आमचा अधिकार नाहीं. तथापि जुन्या दफ्तरांचा जो थोडाबहुत सहवास घडला, त्यावरून एक गोष्ट मनांत ठसली आहे. ज्या कागदांवर आपण इतिहास वाचतों तो कागद स्वतःच या प्रश्नांतील एक साक्षीदार आहे, आणि त्याची जबानी अद्याप कोणी पुरती घेतलेली नाहीं.

कीर्द आणि खतावणी यांतील भेद या त्रैमासिकाच्या वाचकांस सांगावयास नको. कीर्दींत दिवसाचा जमाखर्च एकत्र लिहिलेला असतो व शेवटीं शिल्लक काढलेली असते. त्या शिल्लकेवरून पेढी चालली आहे कीं बुडाली एवढें कळेल. पण कोणतें कूळ बुडालें हें पहावयाचें तर खतावणीच उघडली पाहिजे. देशाचा आयात-निर्यातीचा ताळेबंद ही कीर्दीची शिल्लक आहे, आणि रोजगार हा खतावणींतला विषय आहे. एकोणिसाव्या शतकांतील हिंदुस्थानाविषयीं जे वाद झाले व अजूनही होतात, त्यांपैकीं बरेचसे एक पक्ष कीर्द वाचतो व दुसरा खतावणी वाचतो एवढ्यानेंच माजलेले आहेत.

कीर्द काय सांगते तें आधीं पाहूं. केवळ माल मोजला तर त्या शतकाच्या उत्तरार्धांत बहुतेक प्रत्येक वर्षीं हिंदुस्थानची निर्यात आयातीहून अधिक होती. म्हणजे आज ज्यास व्यापारतूट म्हणतात ती आपणांस नव्हतीच. मग ही शिल्लक गेली कोठें ? विलायतेंतील भारतमंत्र्याच्या कचेरीचा खर्च, पेन्शनी, कर्जावरील व्याज, आगगाडीच्या कंपन्यांस हमी दिलेलें शेंकडा पांच व्याज, या वाटांनीं ती परत गेली. दादाभाई नौरोजी यांनीं १८६७ सालीं लंडनमध्यें निबंध वाचून ही गोष्ट मांडली, आणि पुढें १९०१ च्या आपल्या ग्रंथांत तिचा विस्तार केला. तात्पर्य, निर्यातीचा आधिक्यभाग हा आपल्या घरची कमाई नव्हता, तो बराचसा देण्याचा हप्ता होता. केवळ शिल्लक पाहणारास हा व्यापार भरभराटीचा वाटला असता, आणि कित्येक इंग्रज अधिकाऱ्यांस तो तसा वाटलाही.

आतां खतावणी. १८१३ च्या सनदेनें हिंदुस्थानच्या व्यापाराचा कंपनीचा मक्ता उठला. रमेशचंद्र दत्त यांनीं आपल्या ग्रंथांत जे आंकडे दिले आहेत त्यांप्रमाणें १८१४ सालीं विलायतेहून हिंदुस्थानांत ८,१८,२०८ वार सुती कापड आलें. १८३५ सालीं तेंच ५,१७,७७,२७७ वार झालें. याच एकवीस वर्षांत हिंदुस्थानांतून विलायतेस जाणारें कापड १२,६६,६०८ ठाणांवरून ३,०६,०८६ ठाणांवर उतरलें. जकातीचा न्यायही पाहण्यासारखा होता. १८४० सालीं पार्लमेंटच्या समितीपुढें जी साक्ष झाली तींत विलायती सुती कापडास येथें शेंकडा साडेतीन, तर आपल्या सुती कापडास तिकडे शेंकडा दहा, रेशमी कापडास वीस व लोकरीस तीस जकात असल्याचें नमूद आहे. १८८० च्या सुमारास येणारें कापड दीडशें कोटी वारांच्या वर गेलें होतें, आणि पहिल्या महायुद्धाच्या आरंभीं तें तीनशें कोटींच्या घरांत होतें.

हे आंकडे सर्वांस ठाऊक आहेत, आणि त्यांवरून 'विणकर नाहींसा झाला' असा निष्कर्ष लगोलग काढण्यांत येतो. तो अर्धवट आहे. पहिला घाव विणकरावर पडलाच नाहीं, तो सूत कातणाराणीवर पडला. यंत्राचें सूत हातसुताहून स्वस्त व एकसारखें निघूं लागतांच साळी-कोष्ट्यांनीं तेंच घेतलें, आणि त्या स्वस्त सुताच्या बळावर ते आणखी कित्येक पिढ्या तगले. कातणें हा मात्र कोणा एका जातीचा धंदा नसून घरोघरच्या बायकांचें फावल्या वेळचें काम होतें. पेठेंत त्याचें दुकान नव्हतें, त्याची पाटी नव्हती, त्याचा मेहतर नव्हता. म्हणून तें गेल्याची नोंदही कोणी केली नाहीं. कौटिल्याच्या अर्थशास्त्रांत सूत्राध्यक्षाचा जो अध्याय आहे त्यांत विधवा, व्यंग असलेल्या, म्हाताऱ्या झालेल्या राजदासी अशा निराधार स्त्रियांकडून सूत कातवून घ्यावें, आणि ज्या घराबाहेर पडत नाहींत त्यांच्याकडे दासीकरवीं काम पोंचवावें असें सांगितलें आहे. चरख्याचा हा उपयोग दोन हजार वर्षांपूर्वीं शास्त्रकारास दिसत होता. ज्या विधवेस दुसरें कोणतेंही काम करण्याची मोकळीक नव्हती तिच्या पदरचे दोन पैसे गेले, आणि देशाच्या ताळेबंदांत त्यासाठीं एक ओळही पडली नाहीं. एकोणिसाव्या शतकांतील रोजगाराच्या नुकसानाची खरी मोठी रक्कम येथें आहे असें आम्हांस वाटतें.

विणकरांचें झालें तें गांवगणिक निराळें झालें. पुरुषांचीं साधीं धोतरें, पांढरें कापड, छापील चीट यांवर मँचेस्टरनें लवकर ताबा मिळविला. उलट कांठापदराचें लुगडें, रेशमी किनार, जर यांत त्याचें फारसें चाललें नाहीं. कारण प्रत्येक प्रांतीं कांठ निराळा, रंग निराळा, आणि एका नमुन्याचीं लाखों ठाणें काढण्यांतच यंत्राचा फायदा. म्हणून लुगडीं विणणारी सोलापुरासारखी पेठ टिकली, इतकेंच नव्हे तर वाढली. तेलंगणांतून पद्मसाळी तेथें येऊन राहिले. मालेगांव व भिवंडी येथें उत्तरेकडील मोमीन आले. पैठणची गोष्ट आणखी वेगळी आहे. तेथील भारी वस्त्रांचें गिऱ्हाईक पुण्याचा व सरदारांचा दरबार हें होतें. १८१८ सालीं पेशवाई बुडाल्यावर तें गिऱ्हाईक गेलें, त्यास विलायती माल कारण नव्हता. राज्य बुडाल्यानें गेलेला रोजगार आणि आयातीनें गेलेला रोजगार हे एकाच खात्यावर मांडण्याची चूक देशाभिमानी लेखकांनींही केली आहे. नुकसान खरें असलें तरी कारण नेमकें लिहिलें पाहिजे.

येथवर जें लिहिलें तें बहुतेक ग्रंथांतून मिळतें. आतां ज्या धंद्याविषयीं या त्रैमासिकाच्या वाचकांस इतरांपेक्षां अधिक सांगतां येईल त्याकडे वळतों. तो धंदा कागदाचा.

मराठेशाहींतील दफ्तरांचा कागद मुख्यतः देशी. जुन्नर, दौलताबादेजवळील कागदीपुरा, नाशिक, खानदेशांत एरंडोल, आणि गुजराथेंत अहमदाबाद हीं त्याचीं नामांकित ठिकाणें. पुण्यांतही कसबा पेठेंत कागदीपुरा होता. कारागीर मुसलमान, त्यांस कागदी म्हणत. अंबाडी-तागाचें जुनें गोणपाट व दोरखंडें घेऊन त्यांचे तुकडे करावयाचे, ते भिजवावयाचे, चुना व सज्जीखार लावून पायानें चालवावयाच्या ढेंकीखालीं कुटावयाचे, नदीवर नेऊन धुवावयाचे, पुन्हां कुटावयाचे. मग तो लगदा हौदांतील पाण्यांत कालवून गवताच्या काड्यांच्या चटईनें एकेक ताव उचलावयाचा, भिंतीस चिकटवून वाळवावयाचा, त्यास खळ लावावयाची, आणि शेवटीं गुळगुळीत दगडानें अगर शंखानें घोटावयाचा. बोरूची लेखणी ज्या तकतकीत पृष्ठावरून अडखळल्यावांचून चालते तें पृष्ठ या घोटाईंतून तयार झालेलें असतें. पोथीच्या कागदास हरताळाचा हात दिलेला असला तर कीड लागत नाहीं, हें आमच्या वाचकांस अनुभवानें ठाऊक आहेच.

या कृतीकडे रोजगाराच्या दृष्टीनें पाहिलें तर एक गोष्ट चटकन् ध्यानांत येते. एका दस्त्याची किंमत म्हणजे गोणपाट विकणारा, चुना व सज्जी आणणारा, ढेंकी तुडविणारा, धुणारा, ताव उचलणारा, घोटणारा आणि विकणारा, इतक्यांची मजुरी. पुण्याच्या दफ्तरांत खर्च झालेला कागदाचा रुपया कुकडीच्या कांठीं पोंचे, आणि तेथील वाण्याच्या, तेल्याच्या, कासाराच्या दुकानांतून फिरत राही. कागद विलायती झाल्यावर त्याच रुपयांतला दुकानदाराच्या दलालीचा व गाडीभाड्याचा अंश तेवढा इकडे उरला. बाकीचा फेरा तुटला. कागदी बुडाला म्हणजे एकटा कागदी बुडत नाहीं. त्याच्या पेठेंतल्या प्रत्येकाचें गिऱ्हाईक थोडें थोडें कमी होतें. परदेशी मालानें एखाद्या ठिकाणचा रोजगार कसा जातो हें समजण्यास याहून चांगलें उदाहरण आम्हांस ठाऊक नाहीं.

विलायती कागद ओळखणें कठीण नाहीं. ताव उजेडापुढें धरला असतां तारांच्या सरळ, समांतर रेघा व पाण्याची खूण, म्हणजे मुकुट, ढाल, मालकाचें नांव व पुष्कळदां साल, दिसते. देशी कागदावर काड्यांच्या किंचित् वांकड्या रेघा असतात, खूण नसते. यंत्राच्या पुढील कागदांत तर रेघाही नसतात. गोव्याच्या पोर्तुगीज दफ्तरांत युरोपीय कागद फार पूर्वींपासून आहे, म्हणून तेथील कागदांस हा नियम लावूं नये.

त्या खुणेंतील सालाचा इतिहास व्यापारनीतीचा उत्तम धडा आहे. इंग्लंडांत कागदावर अबकारी कर होता. १७९४ च्या कायद्यानें असें ठरलें कीं, कागद परदेशीं पाठविल्यास तो कर परत मिळावा, मात्र त्यासाठीं कागदाच्या खुणेंत साल असलें पाहिजे. ही अट १८११ मध्यें उठली, तरी साल घालण्याची चाल पुढेंही चालू राहिली. म्हणजे ज्या सालावरून आपण एखाद्या कागदाचा काळ ठरवितों, तें मुळांत निर्यातीस मिळणाऱ्या सवलतीची पावती आहे ! तिकडचा कागद कराचें ओझें उतरवून जहाजावर चढत होता. आपल्याकडे मात्र मुंबई इलाख्यांतील अंतर्गत जकाती १८३८ पर्यंत उठल्या नव्हत्या, आणि तोंपर्यंत देशी माल एका परगण्यांतून दुसऱ्यांत जातांना वाटेंत जागोजाग जकात देत होता. कौटिल्यानें शुल्काध्यक्षाच्या प्रकरणांत राष्ट्रास पीडा करणारा माल अडवावा आणि महोपकारी मालास शुल्क माफ करावें असें म्हटलें आहे. इंग्लंडानें हें सूत्र न वाचतां पाळलें. (या सालाचा उपयोग करणारांस एक सूचना : खुणेंतील सालापूर्वीं तो कागद लिहिला गेला नसेल एवढेंच त्यावरून म्हणतां येतें. लिहिणें त्यानंतर किती वर्षांनीं झालें हें त्यावरून ठरत नाहीं. जहाजाचा प्रवास आणि दुकानांतील पडून राहणें यांतच कित्येक महिने जात.)

पुढें कागदाचें यंत्र आलें. फ्रान्सांत रॉबेर यानें १७९९ सालीं त्याचा हक्क नोंदविला, आणि १८०३-०४ च्या सुमारास इंग्लंडांत तें चालूं लागलें. १८६१ मध्यें विलायतेंत कागदावरील अबकारी करही सर्वस्वीं उठला. त्यानंतर चिंध्यांच्या जागीं गवत व लांकूड यांचा लगदा वापरण्याची युक्ति साधली व कागद अतिशय स्वस्त झाला. इतक्यावर भागलें असतें तर यंत्रापुढें हात हरला असें म्हणून स्वस्थ बसतां आलें असतें. परंतु सर चार्ल्स वुड हे भारतमंत्री असतां (१८५९–१८६६) सरकारी कचेऱ्यांस लागणारा कागद विलायतेंतच खरेदी करावा असा हुकूम निघाला, आणि त्यानें येथील कागदाचा धंदा फार मागें हटला. कागदाचें सर्वांत मोठें गिऱ्हाईक सरकार. मामलेदार कचेरीपासून हुजूर दफ्तरापर्यंतचें सारें लेखन एका हुकुमासरशीं परदेशी कागदावर गेलें. हा बाजारभावाचा पराभव नव्हे. हा खरेदीचा निर्णय होता, आणि तो जुन्नरापासून सहस्रावधि कोस दूर बसून घेतलेला होता.

जुन्नरावर आणखी एक संकट आलें, त्याचा आयातीशीं संबंध अप्रत्यक्ष आहे. नाणेघाट हा जुन्नराहून कल्याणाकडे उतरणारा अतिप्राचीन मार्ग. सातवाहनांचे लेख व घाटमाथ्यावरचा दगडी रांजण त्याची साक्ष देतात. बोरघाटांतून आगगाडी १८६३ मध्यें पार झाली, थळघाटांतून १८६५ मध्यें. व्यापार त्या दोन वाटांनीं वळला. जुन्नरास गाडी कधींच आली नाहीं. बैलांचे तांडे बंद पडले, आणि त्यांबरोबर वंजाऱ्याची, नालबंदाची, घाटाखालच्या धर्मशाळेजवळील दुकानदाराची कमाईही गेली. गाडीनें ज्या गांवांस बाजूस टाकलें त्यांस विलायती माल थोडा उशिरां मिळाला असेल, पण आपला माल बाहेर धाडणें त्यांस फार आधीं महाग झालें.

देशी कागद सर्वस्वीं मेला नाहीं हेंही सांगितलें पाहिजे. व्यापाऱ्यांनीं आपल्या वह्यांसाठीं तो कित्येक वर्षें धरून ठेविला, कारण यंत्राचा स्वस्त कागद पिवळा पडून मोडतो व चिकट, चिवट देशी कागद पिढ्यान्‌पिढ्या टिकतो. सरकारी दफ्तर, सावकाराची वही आणि भिक्षुकाची पोथी यांत कागद बदलण्याचा क्रम एकसारखा नाहीं. आमच्या पाहण्यांत कचेरीचा कागद आधीं बदलतो आणि वहीचा सर्वांत शेवटीं. पण आमचें पाहणें थोडें आहे.

मग स्वस्त कागदानें कोणाचेंच भलें झालें नाहीं काय ? झालें, आणि पुष्कळ झालें. 'दर्पण' १८३२ मध्यें निघालें. शिळाछापाच्या पोथ्या, शाळेचीं पुस्तकें, पंचांगें, मासिकें निघालीं. छापखान्यांतील खिळे जुळविणारा, पुस्तकें बांधणारा, विकणारा असे नवे धंदे उत्पन्न झाले. आम्ही शिक्षक लोक तर स्वस्त कागदाचेंच अन्न खात आलों. धूळपाटीवर शिकविणाऱ्या पंतोजीच्या जागीं छापील पुस्तकाचा मास्तर आला तो त्याच जोरावर. परंतु हे नवे धंदे गिरगांवांत व शनवारांत निघाले, कुकडीच्या कांठीं निघाले नाहींत. आणि जुन्नरच्या कागद्यानें ढेंकी सोडून मुंबईस खिळे जुळवावयास जावें असें म्हणणें सोपें आहे. त्याचा हौद, त्याचें घर, त्याचें सावकाराचें देणें, त्याची पिढीजात विद्या यांतलें कांहीं एक बरोबर नेतां येण्यासारखें नव्हतें. अक्षरओळखही त्यास असेलच असें नाहीं. रोजगार एका ठिकाणीं नाहींसा होऊन दुसऱ्या ठिकाणीं उत्पन्न झाला, म्हणून देशाची बेरीज कदाचित् बदलली नसेल; पण हीं माणसें तीं नव्हेत आणि तें गांव हें नव्हे.

कापसाच्या बाबतींत याच न्यायाचें दुसरें टोंक दिसतें. १८६१ ते १८६५ पर्यंत अमेरिकेंत यादवी चालू असतां खानदेश-वऱ्हाडच्या कापसास कधीं नव्हे तो भाव आला, मुंबईंत शेअरांचा बाजार फुगला व १८६५ मध्यें फुटला. ज्या गाडीनें कापूस खालीं गेला तिनेंच कापड वर आणलें. एकाच इलाख्यांत एक जिल्हा निर्यातीनें उठत होता आणि दुसऱ्यांतील एक आळी आयातीनें बसत होती. यांची सरासरी काढून 'इलाख्याची स्थिति मध्यम' असा शेरा लिहितां येईल खरा.

हा विचार आम्हीं आमच्या पोतडींतून काढलेला नसून आजच्या अर्थशास्त्र्यांसही याच वाटेनें यावें लागलें आहे. अमेरिकेंतील ऑटर, डॉर्न व हॅन्सन यांनीं २०१३ सालीं जो निबंध प्रसिद्ध केला त्यांत त्यांनीं सबंध देश एक न धरतां, लोक जेथें राहतात व जेथें कामास जातात अशा ७२२ विभागांत तो विभागला, आणि १९९० ते २००७ या काळांत चीनहून आलेल्या मालाचा परिणाम विभागवार पाहिला. कारखानदारीच्या रोजगारांत जी घट झाली तिचा सुमारें चतुर्थांश या आयातीनें झाला असें त्यांस आढळलें. चीन जागतिक व्यापार संघटनेंत २००१ च्या अखेरीस शिरल्यावर ओघ आणखी वाढला. दुसऱ्या एका निबंधांत १९९९ ते २०११ पर्यंत या कारणानें वीस ते चोवीस लक्ष लोकांचें काम गेलें असा अंदाज आहे. लक्षांत घेण्यासारखी गोष्ट अशी कीं, २००० सालीं अमेरिकेची व्यापारतूट मोठी असूनही देशांतील बेकारी शेंकडा चार इतकीच होती. म्हणजे आपल्याकडे शिल्लक असतां आळ्या बसल्या, तिकडे तूट असतांही देश एकंदरीनें कामांत होता आणि तरी विशिष्ट विभाग बसले. बुडालेल्या विभागांतून लोक दुसरीकडे जातील ही पंडितांची अपेक्षा होती. ते फारसे गेले नाहींत. आगगाडी, मोटार, विमान व सार्वत्रिक शिक्षण असलेल्या देशांत ही स्थिति, मग १८६५ च्या कागद्यानें हललें पाहिजे होतें असें कोण म्हणेल ?

तूट स्वतः कारण नसून कोणता माल, केवढ्या वेगानें, कोठें येऊन पडतो हें कारण आहे, इतकें यावरून निघतें. धंदा जितका एका जागीं दाटलेला तितका घाव खोल. कापड हजारों गांवीं विणलें जाई, कागद मोजक्या आठ-दहा ठिकाणीं होई. म्हणून कापडाचा गाजावाजा अधिक झाला, पण ठिकाणाच्या मानानें कागदाचें नुकसान अधिक सर्वस्वीं झालें. न्यायमूर्ति रानडे व रावबहादुर गणेश व्यंकटेश जोशी यांनीं सार्वजनिक सभेच्या त्रैमासिकांतून देशी धंद्यांविषयीं जें लिहिलें त्यांत धंद्याची चिंता आहे, ठिकाणाची त्या मानानें कमी. (जोशी हेही शाळामास्तरच होते, हें आम्हांस नमूद केल्यावांचून राहवत नाहीं.) प्रो. धनंजयराव गाडगीळ यांच्या १९२४ च्या ग्रंथांत शहरांतील कारागिरीचा निराळा विचार आहे, आणि त्यापुढें डग्लस हेन्स यांच्या २०१२ च्या ग्रंथांत पश्चिम हिंदुस्थानांतील लहान विणकर-शहरें एकेक घेऊन तपासलीं आहेत. कागदाच्या गांवांचें असें काम व्हावयाचें आहे.

त्यास साधनांची एक मोठी अडचण आहे. पेशवाईंत व इंग्रजी अमलाच्या आरंभीं कारागिरांवर मोहतर्फा हा कर असे, आणि तो वसूल करण्यासाठीं कोणत्या पेठेंत किती घरें, किती माग, कोणाचा कोणता धंदा, याच्या याद्या होत. १८५० पूर्वींच हा कर उठला. कारागिरांस तें सुखाचें झालें, पण कराबरोबर याद्याही बंद पडल्या. सार्वत्रिक खानेसुमारी प्रथम १८७२ सालीं झाली. मधल्या वीस-तीस वर्षांत, जेव्हां आगगाडी आली, वुडसाहेबांचा हुकूम निघाला व विलायती मालाचा लोंढा वाढला, नेमक्या त्याच वर्षांत धंदेवार मोजणी नाहीं. कँपबेलसाहेबांच्या गॅझेटियरांत जुन्या धंद्यांची जी माहिती आहे ती १८८० च्या आसपासची, म्हणजे आळी बसल्यानंतरची आहे.

ही उणीव सरकारी कागदांनीं भरून निघणार नाहीं. ती भरून निघाली तर कुलकर्ण्यांच्या, देशमुखांच्या व सावकारांच्या खासगी रुमालांतून निघेल, आणि त्यांतही ज्यास आपण 'किरकोळ' म्हणून बाजूस सारतों त्या कागदांतून. राजकारणाचें एक पत्र सांपडलें कीं संग्राहक तें कांचेखालीं ठेवितो. त्याच रुमालांतील कागदखरेदीची यादी, सुताचा हिशेब, पिंजाऱ्याची मजुरी हे बंद रद्दीच्या भावानें जातात. असे रुमाल वाण्याच्या पुड्यांसाठीं गेलेले आम्हीं पाहिले आहेत. जो संग्रह दहा-वीस वर्षांत विस्कटणार, त्याची निदान नोंद आतां झाली पाहिजे.

नोंद करितांना तीन गोष्टी टिपून ठेवाव्या अशी विनंति आहे. मित्ती किंवा साल असलेल्या प्रत्येक कागदाविषयीं तो देशी कीं विलायती. विलायती असल्यास खुणेंतील अक्षरें व साल. आणि कागद कचेरीचा, पेढीचा कीं पोथीचा. एकाच गांवचे १८१० ते १८८० पर्यंतचे दोनशें कागद जरी या रीतीनें तपासले, तरी देशी ताव केव्हां विरळ होऊं लागला आणि केव्हां नाहींसा झाला तें दशक निश्चित करितां येईल. आणि तसें दहा गांवांचें झालें म्हणजे परकी मालाची वाट गांवोगांव कशी पसरली याचा नकाशा काढतां येईल. खुणेची नक्कल करण्यास ताव खिडकीच्या कांचेवर ठेवून पातळ कागदावर शिसपेन्सिलीनें रेघा काढाव्या. शाई कदापि जवळ आणूं नये, आणि ताव ओला करून पाहण्याची जी एक वाईट खोड कित्येकांस आहे ती सोडावी. जुन्नर, नाशिक, एरंडोल, दौलताबाद अगर पुण्याचा कागदीपुरा यांपैकीं कोठल्याही कागद्याच्या घराण्यांतील हिशेबाच्या वह्या, सावकारांचीं खतें किंवा मोहतर्फ्याच्या याद्या ज्यांच्या संग्रहीं असतील त्यांनीं संपादकांकडे कळवावें; मूळ कागद पाठविण्याची गरज नाहीं, नक्कल पुरेल.